बारा डायनोसॉरांच्या खोक्यात पाच डायनोसॉर

माझ्या भाचीच्या सातव्या वाढदिवसासाठी गेल्या महिन्यात मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून प्रागैतिहासिक प्राण्यांच्या प्रतिकृतींचा एक संच मागवला. किंमत सोळाशे रुपयांच्या आसपास, खोक्यावर पिवळ्या ठळक अक्षरांत इंग्रजीत आणि हिंदीत ‘१२ डायनोसॉर’ असे छापलेले, आत बारा प्राणी, जमिनीवर अंथरायची एक रंगीत चटई आणि सोळा पानांची पुस्तिका. नागपुरात भूशास्त्र शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली असल्यामुळे भेटवस्तू भाचीच्या हाती जाण्याआधी मी ती दोन रात्री टेबलावर मांडून पाहिली, आणि त्यानंतर महिनाभर ती एका सात वर्षांच्या मुलीच्या तावडीत कशी टिकते हेही पाहिले. हे परीक्षण त्या दोन्ही पाहण्यांवर आधारलेले आहे.

आधी निव्वळ खेळणे म्हणून बोलतो. प्रत्येक प्राणी चौदा ते सोळा सेंटिमीटर लांबीचा, मऊ व्हिनाइलचा आणि आतून पोकळ आहे. दाबला तर दबतो, पण मोडत नाही. खोके उघडताच नव्या पावसाळी बुटांसारखा वास आला, तो गॅलरीत वाऱ्यावर ठेवल्यावर चार दिवसांनी गेला. ट्रायसेराटॉप्सच्या शिंगांची टोके वगळता कुठलाही रंग उडालेला नाही. लवचीक प्लास्टिकच्या खेळण्यांत नेहमी होते तसे पाय वाकून प्राणी लंगडा होण्याचा प्रकार फक्त एका नगाच्या बाबतीत घडला, आणि गरम पाण्यात बुडवून सरळ केल्यावर तोही नीट उभा राहिला. खोक्यावर आयएसआय चिन्ह आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते २०२१ पासून बंधनकारक आहे, हे अनेक पालकांना अजून ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आता खोक्यावरच्या शब्दाकडे वळतो. ‘डायनोसॉर’ हे नाव रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये घडवले, आणि जुन्या काळातल्या सगळ्याच अजस्र जनावरांना ते सरसकट लावावे असा त्याचा हेतू कधीच नव्हता. या गटाची खूण पायांत आणि कमरेत आहे. सरडा, घोरपड, मगर यांचे पाय धडाच्या बाजूला फाकलेले असतात, तर डायनोसॉरांचे पाय खांबांसारखे थेट धडाखाली असत, आणि मांडीचे हाड कमरेच्या ज्या खोबणीत बसे ती खोबणी आरपार उघडी असे. ही कसोटी लावली तर संचातले टायरॅनोसॉरस, ट्रायसेराटॉप्स, स्टेगोसॉरस, ब्रॅकिओसॉरस आणि स्पायनोसॉरस हे पाचच डायनोसॉर ठरतात. उरलेल्या सातांत उडणारा टेरॅनोडॉन, पाण्यातले इक्थिओसॉरस, इलॅस्मोसॉरस आणि मोसासॉरस हे सरीसृप आहेत, डिप्लोकॉलस हा उभयचर आहे, आणि डायमेट्रोडॉन व लिस्ट्रोसॉरस हे दोघे तर सस्तन प्राण्यांच्या, म्हणजे आपल्याच, कुळाकडे झुकणारे आहेत. पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज मानले जातात, तेव्हा या सातांपेक्षा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पोळीच्या तुकड्यासाठी येणारा कावळा अधिक डायनोसॉर आहे.

हा केवळ मास्तरी काथ्याकूट वाटण्याची शक्यता आहे, म्हणून डायमेट्रोडॉनचेच उदाहरण घेतो, कारण संचातली सर्वांत देखणी प्रतिकृती तीच आहे. पाठीवरचे उंच शीड, बसके धड, जाड मान आणि किंचित उघडा जबडा यांत कारागिराने घेतलेले कष्ट स्पष्ट दिसतात. मणक्यांपासून वर गेलेले काटे शिडाच्या कातडीखाली एकेक वेगळे जाणवतात. भाचीने त्यांवरून बोट फिरवून ते मोजले, आणि मोजता येणे ही खेळण्यासाठी मोठी पावती आहे. जबड्यात पुढे लांब सुळे आणि मागे आखूड दात आहेत, जे अगदी बरोबर आहे, कारण या प्राण्याच्या नावाचाच अर्थ दोन मापांचे दात असा होतो. डोळ्यामागे कवटीत एकच मोठे छिद्र असणे ही त्याच्या गटाची, सिनॅप्सिडांची, ओळख. आपल्या कानशिलाजवळ जबड्याचा स्नायू ज्या पोकळीतून जातो ती त्याच छिद्राची आजची अवस्था आहे. एडवर्ड कोप यांनी १८७८ मध्ये या प्राण्याला नाव दिले, आणि त्याचे उत्तम अवशेष अमेरिकेतल्या टेक्ससच्या लाल खडकांत मिळाले. तो साधारण २९ ते २७ कोटी वर्षांपूर्वी जगला, म्हणजे पहिला डायनोसॉर चालू लागण्याच्या कितीतरी आधी त्याचा अवतार संपला होता. एवढी निगुतीने केलेली आकृती पुस्तिकेत ‘शीडवाला डायनोसॉर’ या एका ओळीत उरकली आहे.

पाण्यातल्या तिघांचा हिशेब मिश्र आहे. इक्थिओसॉरसबद्दल मी निर्मात्याचे मनापासून अभिनंदन करतो. स्वस्त संचांत याची शेपटी डॉल्फिनसारखी आडवी केलेली असते. इथे ती माशासारखी उभी आहे आणि तिचा खालचा भाग भरीव आहे. या शेपटीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडच्या लाइम रेजिस गावच्या समुद्रकिनाऱ्यावर जोसेफ ॲनिंग या मुलाला १८११ मध्ये एक मोठी कवटी सापडली, आणि त्याची बहीण मेरी हिने पुढच्या वर्षी उरलेले धड शोधून काढले; या गटाकडे विद्वानांचे लक्ष वेधणारा तो पहिला मोठा नमुना होता. नंतर मिळालेल्या सांगाड्यांत शेपटीचा कणा टोकाकडे खाली वाकलेला दिसे, तेव्हा मेल्यावर शेपूट मोडली असावी असा तर्क केला गेला. पुढे जर्मनीतल्या होल्झमाडेन गावच्या पाटीच्या दगडांत कातडीच्या बाह्यरेषेसह सांगाडे मिळाले, आणि तो वाक मोडल्याचा नसून उभ्या शेपटीच्या खालच्या पात्याला आधार देणारा आहे हे कळले. त्याच खाणींत पोटात पिल्ले असलेल्या माद्याही मिळाल्या, म्हणजे हा सरीसृप अंडी घालायला किनाऱ्यावर येत नव्हता. आपल्या देशातही कच्छमधल्या लोदाई गावाजवळ सुमारे साडेपाच मीटर लांबीचा एक इक्थिओसॉर मिळाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. भाचीने या प्रतिकृतीची परीक्षा बादलीत घेतली. ती पोट वर करून तरंगते, हा दोष पोकळ व्हिनाइलचा आहे, शास्त्राचा नाही.

इलॅस्मोसॉरस मात्र हंसासारखी मान उंचावून बसला आहे. प्रत्यक्षात सत्तरएक मणक्यांची ती मान एवढी जड होती की पाण्याबाहेर अशी उभी धरणे त्याला शक्य नव्हते. तरी या प्राण्याच्या बाबतीत खेळणी बनवणाऱ्याला थोडी सूट द्यावी लागते, कारण डायमेट्रोडॉनचे नामकरण करणाऱ्या याच कोप महाशयांनी कॅन्ससमधून आलेल्या त्याच्या सांगाड्याची पहिली मांडणी करताना डोके शेपटीच्या टोकाला बसवले होते. जोसेफ लायडी यांनी ती चूक दाखवून दिली, आणि कोप यांच्यावर आपला छापलेला निबंध परत गोळा करण्याची धडपड करण्याची वेळ आली. आमच्या संचात डोके योग्य टोकाला आहे, एवढे समाधान मानून पुढे जातो.

मोसासॉरसवर माझा खरा राग आहे. मोठ्या मोसासॉरची लांबी दहा मीटरच्या वर जात असे, आणि तरीही त्याचे आजचे नातेवाईक मगरी नव्हेत, तर घोरपडी आणि साप आहेत. त्याचे पहिले प्रसिद्ध जबडे अठराव्या शतकात नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहराजवळच्या चुनखडीच्या खाणीत मिळाले, फ्रेंच फौजांनी शहर घेतल्यावर त्यांतला उत्तम नमुना पॅरिसला गेला, आणि मास नदीवरून त्याला नाव पडले. त्याच शहरावरून डायनोसॉरांच्या अखेरच्या कालखंडालाही नाव मिळाले, आणि आपल्या मध्य भारतातले हाडे व अंडी देणारे लामेटा थर त्याच कालखंडातले आहेत. अशा मातबर प्राण्याला या संचात पाठभर करवतीसारखी झालर दिली आहे. ही झालर म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेली एक चूक आहे: श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्यांना सॅम्युएल विलिस्टन यांनी पाठीवरचा तुरा समजले, काही वर्षांत स्वतःच दुरुस्ती केली, पण तोवर चित्रकारांनी तो तुरा उचलला होता. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी चित्रावरून चित्र आणि साच्यावरून साचा असा तो फिरतो आहे. शेपटीही मगरीसारखी सरळ निमुळती केली आहे, जेव्हा जॉर्डनमध्ये मिळालेल्या त्याच्या एका भाऊबंदाच्या जीवाश्माने २०१३ मध्ये शेपटीला शार्कसारखे पाते असल्याचे दाखवून दिले. जबडा उघडा ठेवला आहे, तर टाळूवरची दातांची दुसरी रांग तरी दाखवायची, तीही नाही.

टेरॅनोडॉनच्या नावात ‘दात नसलेला’ हा अर्थ उघडपणे आहे. आमच्या टेरॅनोडॉनला चोचीत बावीस दात आहेत, भाचीने मोजले. शिवाय पंखाच्या पडद्यात वटवाघळासारख्या तीन काड्या घातल्या आहेत, जिथे खऱ्या प्राण्याचा अख्खा पंख लांबलेल्या एकाच, चौथ्या, बोटाने ताणून धरलेला असे. पंख मिटवून तो चारही अवयवांवर चालत असे, म्हणून तसा उभा केला असता तर नग टेबलावर टिकला असता. आता तो सतत कोलमडतो.

खऱ्या पाच डायनोसॉरांवर फार शब्द खर्च करावेत असे काही नाही. ट्रायसेराटॉप्स आणि स्टेगोसॉरस नेटके आहेत, ब्रॅकिओसॉरसच्या पुढच्या पायांची उंची मागच्यांहून अधिक ठेवण्याचे भान राखले आहे, आणि टायरॅनोसॉरस शेपूट जमिनीवर टेकवून कांगारूसारखा उभा आहे. न्यू यॉर्कच्या संग्रहालयात १९१५ मध्ये उभारलेला सांगाडा असाच होता. १९९०च्या दशकात तो मोडून, पाठ आणि शेपूट आडव्या रेषेत आणून पुन्हा बसवला गेला. संग्रहालयाला टनभर दगड हलवावे लागले, साचा बदलणे त्यापेक्षा सोपे असावे. हातांना मात्र दोनच बोटे आहेत, ते बरोबर आहे. स्पायनोसॉरस जुन्या पद्धतीचा, लांब पायांचा आणि बारीक शेपटीचा आहे. एर्न्स्ट श्ट्रोमर यांनी १९१५ मध्ये इजिप्तमधून वर्णिलेला त्याचा मूळ सांगाडा १९४४ मध्ये म्युनिकवरच्या बॉम्बवर्षावात नष्ट झाला, आणि मोरोक्कोतून मिळालेली त्याची उंच, वल्ह्यासारखी शेपटी २०२० मध्ये जगासमोर आली, हे लक्षात घेता जुन्या साच्याला मी क्षमा करतो.

डिप्लोकॉलस हा संचातला माझा आवडता नग आहे. बूमरँगसारख्या डोक्याचा, फार तर मीटरभर लांबीचा हा पाणवठ्यातला उभयचर कुठल्याही मुलाला खोटा वाटतो, आणि तो खरा होता हे सांगण्यात मोठी मजा आहे. डोक्याची ती शिंगे पिल्लांत नसत, वयाबरोबर बाजूला वाढत जात. पाण्याच्या प्रवाहात डोक्याला उचल मिळावी म्हणून असा आकार असावा, किंवा भक्षकाला गिळता येऊ नये म्हणून असावा, असे दोन्ही तर्क मांडले गेले आहेत. कातडी ओलसर वाटावी म्हणून या एकाच नगाला चकचकीत लेप दिला आहे, आणि ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या हाती उरलेले अकरा नगही द्यायला हवे होते. दोष एकच, प्रमाणाचा: मीटरभराचा डिप्लोकॉलस आणि वीस मीटरांहून लांब ब्रॅकिओसॉरस एकाच मापाचे असल्यामुळे भाचीच्या खेळात गेला महिनाभर पहिला दुसऱ्याची शिकार करतो आहे.

लिस्ट्रोसॉरस डुकराएवढा, चोच आणि दोन सुळे असलेला, काहीसा बापुडवाणा प्राणी आहे, आणि प्रतिकृतीतही तो तसाच उतरला आहे. त्याचे महत्त्व त्याच्या रूपात नाही. त्याची हाडे दक्षिण आफ्रिकेत मिळतात, आपल्याकडे दामोदर खोऱ्यातल्या पंचेत थरांत मिळतात, आणि १९६९ मध्ये ती अंटार्क्टिकावर मिळाली. पोहत महासागर ओलांडण्याची या गड्याची अंगयष्टी नाही हे खेळणे हातात घेतल्याबरोबर कळते, तेव्हा हे तिन्ही भूभाग कधीकाळी जोडलेले होते हे सांगायला याहून चांगले साधन मला वर्गात कधी मिळाले नाही. पुस्तिकेत याविषयी एक अक्षर नाही. पुस्तिकेचे एकूणच काम वाईट आहे. प्रत्येक प्राण्याचा काळ ‘करोडो वर्षांपूर्वी’, आहार ‘मांस’ किंवा ‘वनस्पती’, आणि स्वभाव ‘खतरनाक’ किंवा ‘शांत’ असा छापला आहे. चटईवर धुमसत्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी बाराही जण एकत्र दाखवले आहेत, जेव्हा त्यांतल्या डायमेट्रोडॉनच्या आणि टायरॅनोसॉरसच्या मधे वीस कोटी वर्षे गेली आहेत.

चटईवरचा ज्वालामुखी पाहून मला दुसरीच गोष्ट आठवली. भारतात विकण्यासाठी केलेल्या या संचात भारतातला म्हणावा असा एकही डायनोसॉर नाही. खोक्यावर आयएसआयचे चिन्ह आहे, पण आयएसआयच्या नावाचा डायनोसॉर आत नाही, ही गंमत आमच्या विषयातल्या माणसालाच कळेल: चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीतून निघालेल्या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरला कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या, म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या, इंग्रजी आद्याक्षरांवरून इसिसॉरस हे नाव आहे. त्याच संस्थेने प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातून बारापासॉरसचा सांगाडा काढून कोलकात्यात उभा केला, आणि त्या मोहिमेचा पहिला हंगाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, १९६१ मध्ये, आल्यामुळे त्याच्या जातीला टागोरी नाव मिळाले. ज्या कोटा थरांत तो मिळाला त्यांचे नाव आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा भागातल्या कोटा गावावरून आहे. गुजरातेतल्या रहिओलीचा राजासॉरस तर डोक्यावरच्या शिंगासह खेळण्यासाठीच घडवल्यासारखा दिसतो.

उभयचरांत शोधले तरी घरचेच प्राणी हाताशी होते. नागपुरातले मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी वर्धा खोऱ्यातल्या मांगलीची एक चपटी, रुंद कवटी इंग्लंडला पाठवली. ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला ब्रॅकिऑप्स नाव दिले. हिस्लॉप यांच्या नावाच्या महाविद्यालयावरून जाणाऱ्या किती नागपूरकरांना ही कवटी माहीत असेल, कोण जाणे. त्याहून गोड प्राणी मुंबईचा आहे. वरळीच्या परिसरात दोन लाव्हाथरांमध्ये दबलेल्या काळसर गाळाच्या खडकात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले होते, आणि ज्याने ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवला त्याच ओवेन यांनी १८४७ मध्ये त्या बेडकांचे वर्णन केले; आज त्यांना इंडोबॅट्राकस म्हणतात. दख्खनच्या ज्वालामुखींच्या दोन उद्रेकांमधल्या शांततेत एखाद्या तळ्याकाठी ओरडणारा हा बेडूक खऱ्या मापात, म्हणजे बोटाच्या पेराएवढा, केला असता तर व्हिनाइलही फार लागले नसते, आणि चटईवरचा ज्वालामुखीही सार्थकी लागला असता.

संच घ्यावा का, असे विचाराल तर घ्यावा, मात्र घरात कुणीतरी पुस्तिका बाजूला ठेवून बोलणारे असेल तर. डायमेट्रोडॉन, इक्थिओसॉरस, डिप्लोकॉलस आणि लिस्ट्रोसॉरस या चौघांसाठी मी ही किंमत पुन्हा देईन. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी एवढे बारीक सुळे आणि शिंगे मला योग्य वाटत नाहीत. पाचपैकी साडेतीन तारे देतो, आणि अर्धा तारा मोसासॉरसच्या झालरीने घालवला असे समजावे.

विक्रेत्याला मी सविस्तर पत्र लिहिले होते, की खोक्यावर बारा डायनोसॉर लिहिले असून आत पाचच डायनोसॉर आहेत. दुसऱ्याच दिवशी अत्यंत नम्र उत्तर आले: कमी नग मिळाल्याबद्दल दिलगीर आहोत, खोके उघडतानाचे छायाचित्र पाठवावे, उरलेले सात डायनोसॉर आठवडाभरात रवाना करू. मी प्रामाणिकपणे बाराही नगांचे छायाचित्र पाठवले. त्यावर ‘सर्व डायनोसॉर प्राप्त, तक्रार निकाली’ असा संदेश आला.